गांजा ओढून तीन आठवडे झाले, तरी धडधड आणि भीती जात नाही. काय करू?

मेंदू कायमचा बिघडला असं बहुतेक वेळा नसतं. एकदा जबर घाबरल्यावर शरीर साध्या धडधडीलाही धोका समजू लागतं, आणि आपण दर दहा मिनिटांनी नाडी बघून त्या भीतीला खतपाणी घालतो. नाडी मोजणं आणि रात्री मोबाइलवर लक्षणं शोधणं आधी बंद करा.

गांजा पूर्ण बंद. ‘थोडासा घेऊन बघतो’ इथेच गाडी घसरते. रोज ओढत असाल तर सोडल्यावर चिडचिड पहिल्या आठवड्यात जास्त, साधारण २-३ आठवड्यांत ओसरते. झोप मात्र जरा उशिरा रुळावर येते. दुपारनंतर चहा-कॉफी नको. झोपेसाठी दारू तर नकोच, उतरताना तीच धडधड परत आणते.

भीतीचा झटका आला की ४ सेकंद श्वास आत, ६ सेकंद बाहेर, ५ मिनिटं. भराभर मोठे श्वास घेतले तर हाताला मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो.

कोणी नसताना बोलण्याचे आवाज ऐकू येणं, लोक पाळत ठेवतायत असं वाटणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. काय, किती घेतलं ते खरं सांगा. झोपेच्या गोळ्या रोजच्या असतील तर मनाने एकदम तोडू नका, फिट येऊ शकते.