लोभ, हाव आणि बालचित्रपटांतील खलपात्रे

प्रश्न असा आहे: मुलांच्या ॲनिमेशनपटांतील खलपात्रांविषयी मराठीत लिहिताना, ख्रिस्ती परंपरेतील सात घोर पापांपैकी ‘ग्रीड’ या पापाला ‘लोभ’ म्हणावे की ‘हाव’, आणि ‘लोभाचे पाप’ ही शब्दयोजना मराठीत चालते का?

पापाचे नाव म्हणून ‘लोभ’ हाच शब्द घ्यावा. षड्रिपूंमध्ये तो काम आणि क्रोध यांच्यानंतर येतो, आणि गीतेच्या सोळाव्या अध्यायात याच तिघांना नरकाचे त्रिविध द्वार म्हटले आहे. इतकी जुनी आणि नेमकी संज्ञा हाताशी असताना दुसरी शोधण्याचे कारण नाही. अडचण आहे ती ‘लोभाचे पाप’ या जोडणीत. मराठीत पाप ‘केले’ जाते, ‘घडते’ किंवा ‘लागते’. म्हणजे ते मुख्यतः कृत्य असते. धर्मशास्त्रातील पंचमहापातकेही ब्रह्महत्या, सुरापान, चोरी अशी कृत्येच आहेत. लोभ ही मात्र वृत्ती आहे, आणि म्हणूनच आपल्या परंपरेने तिला पाप न म्हणता रिपू म्हटले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला याने मांडलेल्या आणि पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने विस्ताराने चर्चिलेल्या यादीतही मूळ कल्पना अशा प्रमुख दोषांची आहे, ज्यांच्यापासून इतर पापे जन्माला येतात. त्यामुळे ‘लोभापायी केलेले पाप’ ही रचना मराठीच्या वळणाची तर आहेच, शिवाय मूळ कल्पनेशीही अधिक प्रामाणिक आहे.

‘लोभ’ वापरताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा, ही विनंती’ असे लिहिणारा मराठी माणूस कोणाकडे हावरेपणाची याचना करीत नसतो. तेथे लोभ म्हणजे स्नेह. संस्कृत धातुपाठात ‘लुभ्’ धातूचे दोन अर्थ दिले आहेत, एक हावरेपणाचा आणि दुसरा मोहित होण्याचा, आणि मराठीने दोन्ही जपले आहेत. म्हणून ‘लोभी’ आणि ‘लोभस’ हे शब्द एकाच घरचे असूनही त्यांचे तोंड दोन दिशांना आहे. 1961 सालच्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटात पिल्ले लोभस आहेत, आणि त्यांच्या कातड्याचा कोट शिवू पाहणारी क्रुएला डी व्हिल लोभी आहे. खरे तर तिच्यासाठी ‘लोभी’पेक्षा ‘हव्यास’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण तिला पैसा नको, फर हवी आहे. एका वस्तूचा ध्यास सारासार विचाराच्या पलीकडे जातो, तेव्हा मराठीत ‘हव्यास’ येतो. 1977 सालच्या ‘द रेस्क्युअर्स’मधील मादाम मेड्युसा एका हिऱ्यासाठी अनाथ मुलीला अंधाऱ्या विवरात उतरवते, तिलाही हाच शब्द शोभतो.

शुद्ध लोभाचे उदाहरण हवे असेल, तर मी 1970 सालच्या ‘द ॲरिस्टोकॅट्स’मधील बटलर एडगर पुढे करीन. मालकिणीची संपत्ती आधी मांजरांना आणि त्यांच्यानंतर आपल्याला मिळणार, हे त्याच्या कानावर पडते. मिळणार हे ठरलेले असूनही त्याला थांबवत नाही. मांजरांना नऊ जन्म असतात असा हिशेब तो मांडतो आणि त्यांच्या दुधात झोपेच्या गोळ्या मिसळतो. तेथे भूक नाही, ध्यास नाही, केवळ मोजदाद आहे.

‘हाव’ मराठीत ‘सुटते’. तिच्यात हिशेबापेक्षा अनावर ओढ असते, म्हणून ‘पोकाहोंटास’ (1995) मधील गव्हर्नर रॅटक्लिफला ‘सोन्याची हाव सुटली होती’ असे लिहिणे उत्तम. व्हर्जिनियाच्या मातीत सोने नाही, तरी तो खणतच राहतो. विशेषण करताना मात्र सावध राहावे: ‘हावरट’ हा शब्द आपण ताटात लाडू असतानाही डब्याकडे पाहणाऱ्या मुलालाही लावतो, त्यामुळे खलपात्राचा दोष त्याने अकारण सौम्य होतो. ‘अधाशी’ खाण्याशी बांधलेला आहे आणि सात पापांतील खादाडपणा हे वेगळे पाप असल्यामुळे तो तेथेच ठेवावा. ‘स्पिरिटेड अवे’ (2001) मध्ये परक्याचे अन्न ओरपून डुक्कर झालेले आईवडील अधाशी आहेत.

‘अलाद्दीन’मधील जाफर किंवा ‘द लायन किंग’मधील स्कार यांना लोभी म्हणणे चुकीचे नाही, पण ते ढोबळ होते. त्यांना सिंहासन हवे असते, आणि त्यासाठी मराठीत ‘सत्तेची लालसा’ हा रुळलेला प्रयोग आहे. स्कारच्या बाबतीत तर मत्सरही तितकाच ठळक आहे. लेखाचे शीर्षकच द्यायचे असेल, तर ‘खलपात्रांतील लोभाचे पाप’ याऐवजी ‘खलपात्रे आणि त्यांचा लोभ’ असे सुचवीन.