गेटवे, भाऊचा धक्का आणि भरतीची वेळ

पावसाळा सरला की मुंबई बंदरातल्या बोटींविषयी वाचकांची पत्रं येऊ लागतात. बहुतेकांना बोटीची वेळ हवी असते. ती आम्ही सांगतोच, पण या बंदरात पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे आधी पाहायला हवं. बोट धक्क्याला नीट लागेल का, किल्ल्यावर चालत जाता येईल का, रोहित (फ्लेमिंगो पक्षी) दिसतील का, हे सगळं त्यावर ठरतं. म्हणून या वेळी भरतीच्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : ७२ वर्षांच्या आईला घारापुरीला न्यायचं आहे. तिला जमेल का? गेटवेला किती वाजता पोहोचावं? (नाशिक)

जमेल, फक्त सोमवार सोडून जा. सोमवारी लेणी बंद असतात. गेटवेवरून बोटी सकाळी नऊच्या सुमारास सुटू लागतात आणि दुपारी दोन-अडीचनंतर जाणारी बोट मिळत नाही. बेटावरून परतीची शेवटची बोट साडेपाचच्या आसपास असते. आई बरोबर असेल तर पहिल्या दोन-तीन बोटींतलीच एक गाठा. सकाळी गर्दी कमी असते आणि पाणीही शांत असतं. दुपारी एकनंतर वायव्येचा वारा धरतो, विशेषतः मार्च ते मे, आणि बोट हलू लागते. म्हणून परतीलाही तीनच्या आत निघालेलं बरं. सुमारे दहा किलोमीटरच्या अंतराला साधारण तासभर लागतो. तिकीट जाऊन-येऊन एकच असतं, ते परतीला दाखवावं लागतं. जाताना ते पर्समध्ये नीट ठेवा.

खरी कसोटी बोटीत चढण्या-उतरण्याची आहे. ओहोटी मोठी असली की गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असतं. कधी दोन-तीन बोटी शेजारी शेजारी बांधलेल्या असतात आणि एकीतून दुसरीत जावं लागतं. सामान आधी खलाशाच्या हाती द्या, आईचे दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि बोट लाटेबरोबर वर येते त्या क्षणी पाऊल टाकायला सांगा. बोट खाली जात असताना टाकलेलं पाऊल हमखास चुकतं. चपलेऐवजी रबरी तळव्याचे बूट घाला.

बेटाच्या जेटीपासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे. तिथून १२० पायऱ्या आहेत. चढ फार उभा नाही आणि दुतर्फा दुकानं असल्याने बरीचशी सावली मिळते. गुडघे दुखत असतील तर खुर्चीची डोली मिळते. बसण्यापूर्वीच चढण्याचं आणि उतरण्याचं मिळून भाडं ठरवून घ्या. पुरातत्त्व विभागाचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. माकडं हातातली बाटली आणि खाऊची पिशवी ओढतात, तेव्हा दोन्ही वस्तू सॅकमध्ये बंद ठेवा.

मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेकडे आहे आणि सदाशिवाची मूर्ती आत दक्षिणेच्या भिंतीत आहे. बाहेरच्या उन्हातून थेट मूर्तीसमोर गेलात तर काहीच नीट दिसत नाही. पाच मिनिटं खांबांजवळ थांबा, डोळे सरावू द्या, मग पुढे व्हा. बरेच जण दहा मिनिटांत फोटो काढून बाहेर पडतात, याचं फार वाईट वाटतं. अर्धनारीश्वर, गंगावतरण, कल्याणसुंदर आणि अंधकासुरवध या शिल्पांना मिळून तासभर तरी द्या. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो मात्र बेटावर नाही. भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो पाहायला मिळतो. इंग्लंडला हलवण्याच्या प्रयत्नात तो फुटला होता, नंतर तुकडे जुळवून उभा केला.

एक सूचना. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आगेमागे आणि ३१ डिसेंबरला बंदोबस्तामुळे गेटवेवरची दुपारनंतरची वाहतूक बंद ठेवली जाते. त्या दिवसांत बेत आखू नका.

प्रश्न : लाइफ जॅकेट घालायलाच हवं का? उकाड्यात मुलं काढून टाकतात. (पुणे)

घालायलाच हवं, आणि धक्क्यावर उतरेपर्यंत. १८ डिसेंबर २०२४ रोजी इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. त्यात १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर इथे जॅकेट सक्तीचं झालं. अपघात झाल्यावर जॅकेट शोधून घालायला वेळ मिळत नाही, म्हणून बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग शून्य.

घालताना सगळे बंद आवळा. मग खांद्यावरच्या पट्ट्या धरून जॅकेट वर ओढून पाहा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे, आणि पाण्यात मूल त्यातून निसटून खाली जाईल. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घालू नका, मुलांच्या मापाचं मागून घ्या. बोटीवर प्रवासी-क्षमता लिहिलेली असते, ती वाचा. माणसं तिच्यापेक्षा जास्त दिसली तर पुढच्या बोटीने जा. वरच्या मजल्यावर जाण्यासाठी थोडे जादा पैसे पडतात. तिथून देखावा छान दिसतो, पण हेलकावेही तिथेच जास्त जाणवतात.

प्रश्न : मला बोट लागते. काय करावं? (सोलापूर)

खालच्या मजल्यावर, मध्यापासून किंचित मागे बसा. बोट तिथे सगळ्यात कमी हलते. अगदी मागच्या टोकाला मात्र नको, डिझेलचा धूर तिथे येतो. नजर क्षितिजावर किंवा दूरच्या डोंगरावर ठेवा, मोबाइलमध्ये घालू नका. उपाशी पोटी निघू नका. दोन इडल्या किंवा भाकरीचा तुकडा चालतो, तेलकट वडा नको. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर ती निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : अलिबागला गेटवेवरून जावं की भाऊच्या धक्क्यावरून? गाडी नेता येते का? पावसाळ्यात काय? (ठाणे)

गाडी न्यायची असेल तर भाऊचा धक्का. तिथून मांडव्याला रो-रो जहाज जातं. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. प्रवास साधारण तासाभराचा. गाडीचं आरक्षण आधी करा आणि पाऊण तास आधी पोहोचा. गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि लागेल ते सामान, पाणी, औषधं बरोबर घेऊनच वर जा. जहाज चालू असताना गाड्यांच्या मजल्यावर परत येऊ देत नाहीत. लोकलने येणाऱ्यांना हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड स्टेशन जवळ पडतं.

गाडी नसेल तर गेटवेवरून मांडव्याच्या बोटी सोयीच्या. पाऊण ते एक तासात पोहोचवतात. काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस असते. ती आहे का, हे खिडकीवर विचारून मगच तिकीट घ्या.

पावसाळ्यात फरक पडतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा बोटी बंद असतात. रो-रोचं जहाज मोठं असल्याने ते हवामान पाहून चालतं. घारापुरीच्या बोटीही उघडीप पाहून सुटतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा (खराब हवामानाचा इशारा) लागला की मात्र बेत रद्द करायचा, घासाघीस नाही. १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पावसाळी बंदीच्या नियमाला कोकणातली माणसं नाकं मुरडत नाहीत, त्यामागे ही आठवण आहे.

भाऊच्या धक्क्यावरून उरणजवळच्या मोऱ्याला आणि रेवसलाही लाँच जातात. मोऱ्याला गाळ फार साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला फेऱ्या काही तास थांबतात. उरणला वेळेवर पोहोचायचंच असेल तर जानेवारी २०२४ पासून लोकल आहे.

प्रश्न : भरती-ओहोटीची वेळ घरच्या घरी कशी काढायची? अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालत जायचंय आणि रोहितही पाहायचे आहेत. (कोल्हापूर)

कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा. जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ, सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो की वद्य, तिथी प्रतिपदेपासूनच मोजायची. षष्ठीला सहा त्रिक अठरा, भागिले चार, साडेचार. म्हणजे पूर्ण भरती साडेचारला आणि पूर्ण ओहोटी साडेदहाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा, कारण तिथी दुपारी-रात्री कधीही बदलते. जाण्याच्या दिवशीची नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यावरून पक्की करा.

वेळ कळली तरी पाणी किती उतरणार हे कळत नाही, आणि बहुतेकांचं कुलाबा किल्ल्याला चुकतं ते इथेच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. मुंबईजवळ तेव्हा भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं आणि ओहोटीला एक मीटरच्याही खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. तेव्हा भरती सव्वातीन मीटरची आणि ओहोटीलाही पावणेदोन-दोन मीटर पाणी राहतं. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराला येते, म्हणून लोक तोच दिवस निवडतात आणि किल्ल्याकडच्या वाटेवर पाणी पाहून किनाऱ्यावर अडकतात. पौर्णिमेला पाणी पुरेसं उतरतं, पण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दोन्ही गोष्टी जुळतात द्वितीया ते चतुर्थीला. ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते आणि ती खोलही असते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा, किल्ल्यात तास-सव्वा तास घालवा, आणि पाणी चढायला लागलं की वाटेत कुठेही न थांबता परता. पाणी पहिल्या तासात हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात वेगाने. "अजून अर्धा तास आहे" हा अंदाज तिथेच फसतो.

रोहितांचं गणित उलटं आहे. ठाणे खाडीतल्या फेरीच्या बोटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटतात. बोटीखाली पाणी हवं, म्हणून त्यांची वेळ भरतीवर बेतलेली असते आणि रोज बदलते. आरक्षण आधी करा. पाणी चढत असताना गेलात तर उरलेल्या चिखलाच्या पट्ट्यावर पक्षी एकत्र आलेले दिसतात. उधाणाची भरती पूर्ण झाली की चिखल बुडतो आणि ते खाडीबाहेरच्या तळ्यांकडे उडून जातात. शिवडीला धक्क्यावरून पाहायचं असेल तर पूर्ण भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर उभं राहा. पूर्ण ओहोटीला ते इतके दूर चरतात की दुर्बिणीशिवाय गुलाबी रेघच दिसते. मोसम डिसेंबर ते मे.

प्रश्न : विक्रांत युद्धनौकेवरचं संग्रहालय मुलांना दाखवायचं आहे. कुठून बोट मिळते? (नागपूर)

ते आता नाही. जुनी विक्रांत २००१ ते २०१२ पर्यंत संग्रहालय म्हणून खुली होती. २०१४ मध्ये ती तोडायला गेली. तिच्या पोलादातून केलेलं स्मारक २०१६ पासून नौदल गोदीच्या लायन गेटसमोरच्या चौकात आहे, गेटवेपासून चालत जाण्यासारखं. हे जहाज टिकवता आलं नाही याची खंत अनेकांना आहे आणि ती योग्यच आहे. आजची विक्रांत वेगळी, कोचीत बांधलेली, सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात आली. घारापुरीला जाताना डाव्या हाताला नौदलाची गोदी आणि नांगरलेल्या युद्धनौका दिसतात. मुलांना त्या दाखवा, पण मोबाइल खाली ठेवून. नौदलाची जहाजं, जवाहर द्वीपावरचा तेलाचा धक्का आणि बेटाजवळून दिसणारं तुर्भ्याचं अणुकेंद्र यांचे फोटो काढायला मनाई आहे. गेटवेवर ड्रोनही चालत नाही.

प्रश्न : खांदेरीचा किल्ला आता जागतिक वारसा यादीत आहे. तिथे कसं जायचं? (सातारा)

अलिबागजवळच्या थळ गावातून कोळी बांधवांच्या बोटीने. ठरावीक वेळापत्रक नाही, आख्खी बोट ठरवावी लागते, म्हणून आठ-दहा जणांनी मिळून जाणं परवडतं. बेट मुंबई बंदर प्राधिकरणाच्या अखत्यारीत आहे. परवानगीचं काय करायचं हे बोट ठरवतानाच तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारा. ऑक्टोबर ते मे हा काळ ठीक. थळच्या किनाऱ्यावर ओहोटीला बोट आत येत नाही, गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. निघण्याची आणि परतण्याची वेळ तांडेल सांगेल तीच धरा, कारण परतताना किनारा गाठायला त्याला पाणी लागतं. माणशी दोन लिटर पिण्याचं पाणी न्या, वर मिळत नाही.

शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे बांधकाम सुरू केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं पाठवून ते थांबवण्याचा प्रयत्न केला. आरमारातल्या मायनाक भंडारींच्या नेतृत्वाखाली मराठ्यांच्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्यांनी रात्रीच्या अंधारात रसद पोहोचवली. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा पडला की हलता येत नसे. तटावरून उत्तरेला मुंबईच्या दिशेने पाहिलं की इंग्रजांना या बेटाची धास्ती का वाटली ते कळतं. वर चाकांच्या गाड्यावरच्या तोफा, वेताळाचं मंदिर, १८६७ चा दीपस्तंभ आणि धातूसारखा वाजणारा खडक आहे. शेजारची उंदेरी याच फेरीत होईल असं समजू नका. तिथे धक्का नाही, खडकावर उतरावं लागतं. समुद्र थोडा जरी खवळलेला असला तर तांडेल नाही म्हणतो, आणि त्याचं ऐकायचं असतं.