आमच्यानंतर आलेला माणूस आधी आत कसा?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. गेल्या महिन्यात आई अंगणात घसरून पडली. मनगट वाकडं झालं होतं. कॅज्युअल्टीत दारातल्या सिस्टरनं नाडी, बीपी बघितलं, हात झोळीत बांधला आणि बाकावर बसवलं. आमच्यानंतर पन्नाशीचा एक गृहस्थ चालत आला, 'छातीत जळजळतंय' म्हणाला, तर त्याला लगेच आत घेतलं. आई तासभर कळवळत होती. कुणाला आधी घ्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायला नको का? नर्सनं ठरवण्यामागे काही शास्त्र आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, त्या गृहस्थाला आधी आत घेतलं ते अगदी योग्य केलं. छातीची तक्रार घेऊन आलेल्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघावा, असा हृदयरोगतज्ज्ञांचा दंडक आहे. माझी नोकरी कॅज्युअल्टीतच झाली. 'ॲसिडिटी असेल' म्हणत स्वतःच्या पायांनी आलेले हार्ट अटॅकचे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. मधुमेह्यांना तर कधी कधी दुखणं जाणवतसुद्धा नाही.

या निवडीला ट्रायाज म्हणतात आणि जगभर बहुतेक ठिकाणी ती अनुभवी नर्सच करते. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये मँचेस्टर पद्धत तयार झाली. पेशंटला किती लवकर बघायचं त्याप्रमाणे त्याला रंग देतात : लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा दोन तासांत, निळा चार तासांत. दिल्लीच्या एम्सनंही लाल, पिवळा, हिरवा अशी आपली पद्धत बसवली आहे.

पण तुमच्या आईंचं तासभर कळवळणं मला मान्य नाही. मँचेस्टर पद्धतीत वेदना किती आहे हेही विचारतात, आणि असह्य वेदना असेल तर पेशंट थेट नारिंगीत जातो. ऑस्ट्रेलियात यावर बरंच काम झालंय. डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेल्या नियमांप्रमाणे ट्रायाजच्या नर्सनंच वेदनाशामक दिलं, तर पेशंटला आराम बराच लवकर पडतो, असं तिथल्या अभ्यासांत दिसलं. आपल्याकडे सिस्टर डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट बघत बसते आणि डॉक्टर आत अटॅकच्या पेशंटजवळ अडकलेले असतात. प्रत्येक कॅज्युअल्टीत विभागप्रमुखांच्या सहीची अशी कायमची लेखी ऑर्डर असायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

दुसरं म्हणजे, बाकावर बसवलेल्या पेशंटकडे पुन्हा पुन्हा जाऊन बघायचं असतं, तेही ट्रायाजच. ते राहून जातं कारण हात कमी पडतात. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २००२ साली आला. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास ऑपरेशन झालेल्यांचा होता, कॅज्युअल्टीचा नव्हे, पण रात्रपाळी केलेल्या कुणालाही तो पटेल. कॅलिफोर्नियात १९९९ चा कायदा २००४ पासून लागू झाला, त्यात इमर्जन्सीत एका नर्सकडे जास्तीत जास्त चार पेशंट असं ठरलं. आपल्या किती कॅज्युअल्टींत चारावर थांबतं?

पुन्हा अशी वेळ आली तर गप्प बसू नका. 'सिस्टर, दुखणं वाढलंय', 'बोटं बधिर झालीत', 'बोटं गार, निळसर पडलीत' असं स्पष्ट शब्दांत सांगा. शेवटच्या दोन तक्रारी असतील तर रांग बदलावी लागते.

आणि मनगटाला मार लागला की बांगड्या, अंगठ्या सूज चढायच्या आधी उतरवा. आमच्याकडे आज्जी बांगड्या काढू द्यायच्या नाहीत, अशुभ म्हणायच्या. घटकाभरात हात सुजायचा, बांगडी मांसात रुतायची आणि मग कटर आणून कापावी लागायची. त्या काढून घेणं हे दारातल्या सिस्टरचं काम आहे, पण ती दुसऱ्या पेशंटजवळ अडकलेली असू शकते, म्हणून तुम्ही घरीच साबण लावून काढून आणा.