अमेरिकेतली शहरं निवडण्याआधी महिना निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघंच आहात, अमेरिका पहिल्यांदाच, न्यू जर्सीत भाचीकडे उतरणार, फिरायला तीन आठवडे. एक शाकाहारी, एक सगळं खाणारा. गाडी चालवायची नाही, फार थंडी नको, फार उकाडा नको. महिना ठरलेला नाही. आणि खाली शहरांची भलीमोठी यादी, ‘यातली कोणती?’

महिना ठरला नाही हे तुम्ही अडचण म्हणून लिहिलंय, पण तोच तुमचा हुकमाचा पत्ता आहे. आपल्याकडचे बहुतेक लोक मे-जूनमध्ये येतात, कारण सुट्ट्या तेव्हा असतात, आणि मग जुलैच्या उन्हात लास व्हेगासच्या फुटपाथवर घामाघूम होतात. तुम्हाला शाळेच्या सुट्टीचं बंधन दिसत नाही. मग गणपती उरकले की निघा आणि दिवाळीच्या फराळाला घरी परत. पितृपक्षात तसंही कुणाचं लग्न चुकत नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य या काळात तुमच्या यादीतली सगळ्यात चांगली शहरं एकाच वेळी चांगली असतात.

आता यादी. निम्मी शहरं आधी खोडा. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला विमानाने सहा तास लागतात आणि घड्याळ तीन तास मागे करावं लागतं. नकाशावर जवळ वाटणारी शहरंही इथे जवळ नसतात. तीन आठवड्यांत चार मुक्काम पुरे. गाडी नसेल तर लॉस एंजेलिस, ह्यूस्टन, डॅलस यांत निम्मा दिवस टॅक्सीतच जाईल. तिथे नातलग असतील तर जरूर जा, पण निव्वळ फिरायला म्हणून नको.

व्हेगासबद्दल वेगळं सांगते, कारण ते तुम्ही ‘ग्रँड कॅन्यनसाठी’ म्हणून लिहिलंय. व्हेगासहून कॅन्यनचा साऊथ रिम, म्हणजे दक्षिणेचा कडा, सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. एका दिवसात नेऊन आणणाऱ्या पुष्कळ बस वेस्ट रिमला जातात. काचेचा पूल तिथेच आहे, पण ती वालापाई या आदिवासी लोकांची जमीन आहे, राष्ट्रीय उद्यानाचा भाग नाही. फोटोंमध्ये पाहिलेलं ते अफाट दृश्य बहुतेक साऊथ रिमचं असतं. तिकीट घेताना कुठल्या रिमचं आहे ते विचारा. या खेपेला मी तुमच्या जागी असते तर व्हेगास सोडलंच असतं.

न्यूयॉर्क भाचीच्या घरून होईलच, आणि त्याबद्दल ती माझ्यापेक्षा जास्त सांगेल. एवढंच करा: स्वातंत्र्यदेवीसाठी बोटीची महागडी सहल घेण्याआधी स्टेटन आयलंडची फेरी पकडा. ती फुकट आहे आणि पुतळा चांगला दिसतो. आणि एक संध्याकाळ जॅक्सन हाइट्समध्ये जेवा. तिबेटी मोमो, कोलंबियन अरेपा (मक्याची जाड भाकरी) आणि आपली मिठाई एकाच रस्त्यावर.

तिथून शिकागो. अमेरिकेतलं एकच शहर बघायचं असेल तर मी हेच सांगेन, न्यूयॉर्कवाल्यांनी माफ करावं. सप्टेंबरअखेरीस दिवसा साधारण वीस-बावीस अंश, हातात एक जाकीट पुरे. जानेवारीत याच शहरात उणे वीसपर्यंत पारा उतरू शकतो आणि तळ्यावरचा वारा कान कापतो, म्हणून महिन्याचा एवढा आग्रह. पहिल्याच दिवशी नदीतून फिरणारी वास्तुकलेची बोट घ्या. दीड तास माना वर करून बसायचं. १८७१ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला आणि नव्याने बांधताना पोलादी सांगाड्याच्या उंच इमारतींची सुरुवात इथे झाली, ती सगळी गोष्ट बोटीवरचा गाईड इमारती दाखवत सांगतो. ज्या नदीत तुम्ही बसलेले असता तीही उलटी वाहते. पूर्वी ती शहराची घाण घेऊन मिशिगन तळ्यात जायची आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्याचं. म्हणून कालवा खणून १९०० मध्ये तिचा प्रवाहच फिरवला.

आर्ट इन्स्टिट्यूटला अर्धा दिवस ठेवा. चित्रं तर आहेतच, पण ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंद सर्वधर्म परिषदेत बोलले ते याच इमारतीत. २०१० मध्ये मुंबईचे जितीश कल्लाट यांनी ते भाषण इथल्या मोठ्या जिन्याच्या पायऱ्यांवर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. शेजारच्या बागेतलं ‘बीन’ हे आरशासारखं चकचकीत शिल्पही मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं. तिथे फोटो काढायला सकाळी लवकर जा, नाहीतर आरशात अनोळखी लोकच दिसतील.

खाण्यात डीप डिश, म्हणजे खोल ताटात भाजलेला जाड पिझ्झा एकदा खा. भाजायला पाऊण तास लागतो, एका तुकड्यात माणूस गार होतो, आणि पालकाचा मिळतो, म्हणजे शाकाहाऱ्यांची सोय आहे. गावातले लोक मात्र एरवी पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा खातात आणि मलाही तोच आवडतो. इथला प्रसिद्ध हॉटडॉग गोमांसाचा असतो, ‘इटालियन बीफ’ सँडविचच्या तर नावातच आलं. चालत नसेल तर लक्षात ठेवा. पिल्सन भागात मेक्सिकन जेवण उत्तम, आणि तिथलं मेक्सिकन कलेचं संग्रहालय फुकट आहे. वरणभाताची आठवण आलीच तर भारतीय हॉटेलांचा डेव्हॉन अव्हेन्यू आहेच.

तिसरा मुक्काम तुमच्या यादीत नव्हता, तो मी घुसवतेय: न्यू मेक्सिको राज्यातलं सँटा फे. शिकागोहून विमानाने अल्बकर्की, तिथून रेल रनर नावाची गाडी दीड-दोन तासांत सँटा फेला सोडते. १६१० मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव, मातीच्या रंगाची बुटकी घरं, मधला चौक पायी फिरण्याजोगा. उंची सात हजार फूट, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त. पहिला दिवस सावकाश घ्या, पाणी पीत राहा. दुपारी ऊन, रात्री स्वेटर.

इथे यायचं खरं कारण मिरची. दक्षिणेकडच्या हॅच खोऱ्यातली हिरवी मिरची ऑगस्टपासून बाजारात येते आणि लोखंडी जाळीच्या फिरत्या पिंपात गॅसच्या ज्वाळांवर भाजली जाते. आख्ख्या रस्त्यावर ठसका. हॉटेलात बसलात की विचारतात, ‘लाल की हिरवी?’ दोन्ही हवी असेल तर ‘ख्रिसमस’ म्हणायचं. निळ्या मक्याच्या एन्चिलाडा मागवा, आणि शेवटी सोपापिया: तळलेली फुगीर पोळी, वर मध. शाकाहाऱ्याने दर ठिकाणी विचारावं, कारण हिरव्या मिरचीच्या रश्श्यात डुकराचं मांस आणि वाटलेल्या घेवड्यात त्याची चरबी असू शकते. विचारलं तर कुणी वाईट मानत नाही.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पोचलात तर अल्बकर्कीत नऊ दिवस बलून फिएस्टा, म्हणजे गरम हवेच्या मोठ्या फुग्यांचा उत्सव असतो, १९७२ पासूनचा. पहाटेच्या अंधारात मैदानावर जायचं आणि सूर्य उगवताना शेकडो फुगे एकामागोमाग उठताना बघायचे. तिथल्या थंड सकाळी खालचा वारा फुग्याला दक्षिणेकडे नेतो आणि थोडं वर गेलं की वारा उत्तरेकडे परत आणतो. त्यामुळे चांगला चालक उडाला त्याच्या आसपासच उतरू शकतो. जोराचा वारा सुटला तर उड्डाण रद्द होतं, म्हणून दोन सकाळी हाताशी ठेवा.

शेवटी सॅन फ्रान्सिस्को. इथे लोक हमखास फसतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाचं मधलं खोरं तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिच्या जागी गार समुद्रावरची हवा गोल्डन गेटच्या सामुद्रधुनीतून आत ओढली जाते, धुक्यासकट. भर उन्हाळ्यात पंधरा अंश आणि पूल गायब. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे थांबतं आणि शहराचा खरा उन्हाळा तेव्हा सुरू होतो. विमानतळावरून बार्ट गाडी थेट शहरात आणते. केबल कार (रस्त्याखालच्या तारेने ओढली जाणारी ट्राम) पर्यटकांचीच आहे, तरी बसा. १८७३ पासूनची यंत्रणा आहे आणि ब्रेक अजून माणूस हाताने ओढतो. मिशन भागात बरिटो खा, शाकाहाऱ्याने त्यात आख्खे काळे घेवडे सांगायचे. मासे खाणाऱ्याने आंबट पावासोबत क्लॅम चावडर (शिंपल्यांचं घट्ट सूप) घ्यावं, पण फिशरमन्स वॉर्फच्या गर्दीत नको, फेरी बिल्डिंगमध्ये घ्या.

शरद ऋतूत जमतच नसेल आणि मार्च-एप्रिलच मोकळा असेल, तर आराखडा पूर्ण बदला. तेव्हा न्यू ऑर्लिन्स आधी आणि वॉशिंग्टन नंतर. न्यू ऑर्लिन्स जून ते सप्टेंबर नकोच: तेहतीस अंश आणि मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकचिक, वर वादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. मार्चमध्ये मात्र रात्री फ्रेंचमेन स्ट्रीटवर दारादारातून जॅझ ऐकत फिरता येतं, सकाळी चिकोरीची कॉफी आणि पिठीसाखरेत बुडालेली बेन्ये, म्हणजे तळलेले फुगीर चौकोन. सोमवारी घेवडा-भात खायचा तिथला जुना रिवाज आहे: सोमवार धुण्याचा दिवस, म्हणून घेवडा एका बाजूला मंद आचेवर शिजत ठेवायचा. त्यातही बहुधा मांस असतं, विचारा. मार्डी ग्रा या तिथल्या मोठ्या उत्सवाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर आभाळाला भिडतात, तो टाळा. मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये चेरी फुलते (ती झाडं १९१२ मध्ये टोकियोने भेट दिलेली), आणि स्मिथसोनियनची तिथली संग्रहालयं सगळी फुकट.

पैशांचं एक. मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो आणि वेटरला अठरा ते वीस टक्के द्यायची पद्धत आहे, म्हणजे वीस डॉलरची थाळी सव्वीसच्या आसपास पडते. ताटं मोठी असतात, दोघांत एक मागवा आणि उरलं तर डब्यात बांधून मागा, सगळेच मागतात.

तारखा पक्क्या झाल्या की विमानाच्या तिकिटाबरोबरच दोन गोष्टी उरकून टाका: फिएस्टाच्या आठवड्यातलं अल्बकर्कीचं हॉटेल आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या अल्कट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटाची बोट. बाकी सगळं इथे येऊन ठरवता येईल. या दोन्ही गोष्टी कित्येक आठवडे आधीच संपतात.