समलैंगिक आणि ट्रान्स व्यक्तींमध्ये नैराश्य जास्त आढळतं, ते त्यांच्या ओळखीमुळेच का?

नाही. १९५७ मध्ये एव्हलिन हूकर यांनी ३० समलैंगिक आणि ३० विषमलैंगिक पुरुषांच्या मानसशास्त्रीय चाचण्या ओळख झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कोणत्या गटातला, हे तज्ज्ञांना सांगता आलं नाही.

मग फरक येतो कुठून? इलान मेयर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलेला 'अल्पसंख्याक ताण' हा सिद्धांत मला सर्वात पटतो. हिणवणं, मारहाण, भेदभाव हा झाला बाहेरचा ताण. आतला जास्त पोखरतो: नाकारलं जाण्याची कायमची धास्ती, समाजाचा तिरस्कार स्वतःवरच उलटणं आणि लपवाछपवी. सहकारी सहज विचारतो, 'सुट्टीत कोणाबरोबर गेला होतास?' की लगेच जोडीदाराचं नाव बदलायचं, टेबलावरचा फोन पालथा करायचा, मागच्या वेळी काय थाप मारली होती ते आठवायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर कोणीही खचेल.

कायद्याचाही परिणाम होतो. अमेरिकेत ज्या राज्यांनी २००४-०५ मध्ये समलिंगी विवाहावर बंदी घातली, तिथल्या समलैंगिक आणि उभयलैंगिक लोकांत नैराश्यासारखे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढल्याचं मार्क हॅट्झेनब्यूलर यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं. बंदी नसलेल्या राज्यांत तशी लक्षणीय वाढ नव्हती.

आधाराचं बळही तितकंच खरं आहे. २०१८ च्या एका अभ्यासात, घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत स्वतः निवडलेल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ट्रान्स तरुणांमध्ये नैराश्य आणि आत्महत्येचे विचार कमी आढळले. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर त्या नावाने हाक मारायला आजच सुरुवात करा.