खडकांच्या थरांना घडी पडते की ते तुटतात, हे विरूपणाच्या (आकार बदलण्याच्या) वेगावर ठरते का?

सावकाश दाबलेल्या वा ताणलेल्या थरांना घड्या पडतात आणि झपाट्याने तसे झाल्यास ते तुटतात, एवढाच वेगाचा परिणाम असतो का, असे आपण विचारले आहे. एवढे तर खरेच आहे. कणीक हळूहळू ओढली तर लांबते आणि हिसका दिला तर तुटते. परंतु घडीचा आकार समजून घ्यायचा असेल, तर केवळ वेगाकडे पाहून भागत नाही, असे माझे मत आहे.

प्रयोगशाळेत संगमरवराचा नमुना दर सेकंदाला एक लाखांश इतका आखूड करत गेल्यास तीन तासांच्या आत तो १० टक्के आखूड होतो. हिमालयात वर्षाला होणारे सुमारे २ सेंटिमीटर आकुंचन १०० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात विभागले गेले असे धरले, तर तेवढ्याच बदलाला ५ लाख वर्षे लागतील. तापलेल्या खडकात स्फटिकांमधील दोष सरकत जाऊन खडक वाहू लागतो, तेव्हा प्रतिबल (दर एकक क्षेत्रफळावरचा जोर) बहुधा वेगाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग हजारपट झाला तरी लागणारा जोर दहापटच होतो. तो खडकाच्या तुटण्याच्या मर्यादेपलीकडे गेला, की तडे जातात.

आता घडीकडे वळू. भौतिकशास्त्रज्ञ मॉरिस बियो आणि भूवैज्ञानिक हान्स रामबर्ग यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले, की मऊ खडकात असलेल्या कठीण थराच्या घडीची तरंगलांबी (लागोपाठच्या दोन माथ्यांमधील अंतर) थराची जाडी आणि कठीण व मऊ खडकांच्या श्यानतेचे (वाहण्याला होणाऱ्या विरोधाचे) गुणोत्तर यांवर अवलंबून असते. हे गुणोत्तर ४८ असेल, तर तरंगलांबी जाडीच्या सुमारे साडेबारा पट येते. या सूत्रात वेग कोठेच नाही! तो येतो तो आडवाटेने: वेग वाढल्यावर कठीण थराची श्यानता घटली आणि भोवतालच्या मऊ खडकाची तशीच राहिली, तर गुणोत्तर कमी होऊन घड्या आखूड होतात आणि थर वाकण्याऐवजी नुसता जाड होत जातो. दोन्ही खडकांची श्यानता एकाच नियमाने बदलत असेल, तर वेगाने तरंगलांबीत काहीच फरक पडत नाही.

ताणाच्या बाबतीत, संथ आणि उष्ण स्थितीत कठीण थर मधूनमधून बारीक होऊन मण्यांच्या माळेसारखा दिसतो, तर वेगवान वा थंड स्थितीत त्याचे चौकोनी तुकडे पडतात आणि फटींत बहुधा क्वार्ट्झ साचते. मात्र खडकातील द्रवाचा दाब वाढल्यानेही तसेच तुकडे पडू शकतात. त्यामुळे त्यांवरून थेट वेग सांगू नये.

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे असल्याने घड्या क्वचितच पाहायला मिळतात. गोव्यातील पट्टेदार लोहखनिजाच्या खडकांत त्या सुरेख दिसतात. तेथे एखाद्या पट्ट्याची जाडी आणि घडीची तरंगलांबी जरूर मोजून पाहा. त्यातून श्यानतेच्या गुणोत्तराचा अंदाज येईल, परंतु वेग काढण्यासाठी त्या वेळचे तापमान आणि खनिजांचे वाहण्याचे नियम माहीत असावे लागतील.