रिपोर्ट नॉर्मल आला, तरी मन का सावरत नाही?

थायरॉइडची गोळी नियमित चालू आहे, रक्ताचा अहवालही ठीक आहे, तरीही उदास का वाटते, असे मला अनेक जण विचारतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका गृहिणीचा अनुभव इथे सांगते; ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

बाई चाळिशी ओलांडलेल्या. थायरॉइड मंदावल्याचे निदान झाले तेव्हा घरच्यांना हायसेच वाटले होते, कारण एप्रिलमध्ये घरोघरी कूलर सुरू झाले असताना शाल पांघरून बसणाऱ्या सुनेचे कोडे त्यामुळे उलगडले. लेव्होथायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर थंडी वाजणे आणि चेहऱ्याची सूज कमी झाली, टीएसएच (थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) मर्यादेत आला. आणि 'हिला थायरॉइड आहे' म्हणून मिळणारी सवलतही त्याच दिवशी संपली. यजमान माझ्यासमोरच म्हणाले, "मॅडम, रिपोर्ट नॉर्मल आहे, आता तरी हिने कामाला लागायला हवं ना?" पदराचे टोक बोटाला गुंडाळत बाई हळूच म्हणाल्या, "आता हा माझा आळसच असणार."

थकवा, सुस्ती, विसरभोळेपणा, वाढलेले वजन ही लक्षणे थायरॉइडची कमतरता आणि नैराश्य या दोन्ही आजारांत आढळतात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. मी भजनी मंडळाविषयी विचारले. आजारात घोगरा झालेला आवाज पूर्ववत होऊनही त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. जावेसेच वाटत नव्हते. आपण घरावर ओझे आहोत, ही भावना कित्येक आठवडे रोज छळत होती. मरणाचे विचार येतात का, हेही मी सरळ विचारले (असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे), तेव्हा "सकाळी जागच आली नाही तर बरं," असे उत्तर आले.

हे नैराश्यच होते. थायरॉइडच्या कमतरतेने त्याला वाट करून दिली असेल, पण पुढे ते स्वतःच्या बळावर टिकून राहिले होते आणि त्याला वेगळे उपचार हवे होते. म्हणून समुपदेशनाबरोबरच मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले आणि औषधांची माहिती दोन्ही डॉक्टरांना द्यायला सांगितले, कारण नैराश्यावरच्या सर्ट्रालिनसारख्या औषधाने काहींच्या बाबतीत थायरॉइडच्या गोळीची गरज वाढते. गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी, कॅल्शियम व लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात आणि डोस बदलल्यास सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा, हेही बजावले.

"मग थायरॉइडचीच गोळी थोडी वाढवली तर?" यजमानांनी विचारले. मनाने डोस वाढवल्यास उदासी हटेलच असे नाही; उलट धडधड, झोपमोड, पुढे हाडांची झीज असे त्रास मागे लागू शकतात, हे त्यांना समजावून सांगितले. मरणाची भाषा पुन्हा ऐकू आली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा आणि तोवर त्यांना एकटे सोडू नये, असेही सांगितले.